उलट्या कोडातली म्हातारी

मु. कामठा, जि. गोंदिया
जानेवारी २०१०

चिरंजीव लोकेंद्र,

मोठ्या भावाचे आशीर्वाद पाठवत आहे, आणि त्यांच्यासोबत थोडा रागही. दोन्ही एकाच पाकिटात मावतील अशी आशा आहे. तिकडच्या खाऱ्या हवेत तुझा खोकला कसा आहे? वेल्डिंग करताना काळा चष्मा लावतोस की कपाळावर चढवून ठेवतोस? इकडे धान चुरून झाला, तणसाचा ढीग रचून झाला. बाबांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे. भूक चांगली, झोप चांगली. कान पूर्वी थोडीफार साथ देत होते, आता त्यांनी पूर्ण निवृत्ती घेतली आहे. उर्वशी बहू खुशाल आहे. (हे वाक्य मी दर पत्रात लिहितो, पण आजवर ते अंदाजाने लिहीत होतो. या वेळी तिला विचारून लिहिलं आहे. ते कसं घडलं, हाच या पत्राचा विषय आहे.)

परवा तू फोनवर म्हणालास की कंपनीने क्वार्टर दिलं, माघ लागला की येतो आणि उर्वशीला घेऊन जातो, आणि जाताना तो व्हिडिओ गेमही नेतो. मी ‘बरं’ म्हणालो. फोनवर माणूस ‘बरं’च म्हणतो, कारण तू ‘हो दादा, हो दादा’ करत मधेच ठेवून देतोस. म्हणून आता विचार करून लेखी उत्तर देत आहे. उत्तर असं की, खुशाल ने. बायको तुझी, गेम तुझा, माझी काही हरकत नाही. गावाच्या तंटामुक्त समितीचा मी अध्यक्ष. लोकांचे शेताच्या धुऱ्याचे, नालीचे, दुसऱ्याच्या आंगणात अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचे तंटे मिटवतो. तो मी स्वतःच्याच घरात हरकत कशी घेणार? फक्त दिवाळीत तू जे यंत्र नागपूरहून जुन्या बाजारातून आणलंस, हौसेने टीव्हीला जोडलंस आणि आम्हाला सोपवून निघून गेलास, त्याने या घरात काय काय केलं ते तुला कळलं पाहिजे. म्हणजे पुढे कोणाच्या घरात असं काही ठेवण्याआधी विचार करशील.

माय होती तेव्हाचं घर तुला ठाऊक आहे. आपल्यात लहान भावाची बायको थोरल्या दिराशी, भासऱ्याशी बोलत नाही. ती पदर घेऊन आत राहते, भासरा दारात खाकरून मगच घरात शिरतो, आणि दोघांचंही त्यात काही अडत नाही, कारण मधे कोणीतरी बसलेलं असतं. आपल्याकडे माय बसलेली असायची. ‘जेवाले चला म्हणा,’ असं बहू आतून मायला सांगायची. मी ते शब्दनशब्द ऐकलेलं असायचं. तरी माय तेच पुन्हा मला सांगायची, आणि मीही मायने सांगितल्यावरच उठायचो. मागच्या पोळ्याला माय गेली. (माझी घरची तर कधीचीच गेली, तिचं आता काय सांगावं.) तू साइटवर. घरात उरलो मी, बहू आणि मधे निरोप न्यायला बाबा, ज्यांना ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही.

मग बहू रांजणाशी बोलू लागली. ‘आज दुकान बंद होतं, भाजीत तेल कमी आहे,’ असं ती रांजणाला सांगायची. मी बाबांकडे तोंड करून म्हणायचो, ‘बाबा, चालते, काही बिघडत नाही.’ बाबा समाधानाने हसायचे. मला ताप आला तेव्हा ती रांजणाला म्हणाली, ‘गोळी घ्या म्हणा.’ रांजण काही बोलला नाही. मी गोळी घेतली. हे सगळं रीतीला धरून होतं, यात कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. पण खरं सांगू का लोकेंद्र, त्या दिवसांत घर मला खायला उठायचं. मी नसलेल्या तंट्यांच्या बैठका लावायचो आणि दिवे लागले तरी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून राहायचो. आत ती काय करत असेल, याचा विचार मनात यायचा आणि मी तो बाजूला सारायचो.

तुझा गेम सुरुवातीला बहू दुपारी एकटीच खेळायची. तो आधी सापडला बाबांना. त्या खेळाला कान लागत नाहीत, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आकाशातून उडणारी माणसं, त्यांच्या हातातून निघणाऱ्या विजा, कोसळणाऱ्या इमारती, हे बघून ते गुडघ्यावर थापा मारायचे. टीव्हीचा रिमोट त्यांच्याच मांडीवर असतो आणि आवाज शेवटच्या रेषेपर्यंत चढवलेला असतो, कारण आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे आवाज कमी आहे अशी त्यांची समजूत आहे. एका संध्याकाळी मी खाकरून आत आलो, तर बहू लगबगीने स्वयंपाकघरात पळाली. तिच्या जॉयस्टिकची वायर उंबऱ्यावरून आत गेलेली. बाबांनी दुसरी जॉयस्टिक उचलून माझ्या हातात दिली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. वडिलांची आज्ञा मोडणं माझ्या स्वभावात नाही. तेवढ्याच कारणाने मी खाटेवर बसलो. टीव्ही मधल्या भिंतीला, एका अंगाला माझी खाट, समोरच्या अंगाला स्वयंपाकघराचं दार, आणि दोघांच्या मधोमध बाबा. बहू दाराआडून खेळत होती, मी खाटेवरून. एकमेकांकडे न बघता, एक शब्द न बोलता आम्ही एक परदेशी शहर वाचवलं. रीत कुठेही मोडली नाही.

त्या खेळातल्या वीरांची इंग्रजी नावं मला उच्चारता येत नाहीत, म्हणून मी माझ्यापुरती नावं ठेवली. माझा विजवाला. बहूचा दगड्या, जो दिसायला ठोकळा आहे पण मनाने चांगला वाटतो. बाकीचे सगळे नुसत्या काळ्या सावल्या, प्रत्येकाच्या छातीवर कुलूप. खेळत गेलं, जिंकत गेलं की एकेक कुलूप उघडतं, हा नियम मला पटला. कष्ट करा आणि मिळवा. पण आपल्याकडे लाइट कशी जाते ते तू विसरला नसशील. रोज संध्याकाळी आम्ही जग वाचवायचो, लोडशेडिंग सुरू झालं की ते पुन्हा संकटात. लाइट परत आली की सगळी कुलपं परत बंद. कारण मिळवलेलं लक्षात ठेवणारं जे कार्ड असतं, तेवढंच आणायला तू विसरलास.

मग एक दिवस पाहतो तर बहूकडे नवाच वीर. सावल्यांपैकी एक, कुलूप उघडून हजर! तिने तुला फोन करून चीट कोड विचारून घेतला होता, हे मला नंतर कळलं. निवडीच्या पानावर ठरावीक क्रमाने वर, खाली, डावं, उजवं दाबलं की न जिंकताच कुलूप उघडतं. लोकेंद्र, मला तुझा फार राग आला. गावातले लोक माझ्यासमोर खोटं बोलायला कचरतात, आणि माझ्याच घरात फसवणुकीचे क्रम फोनवरून येतात! दोन संध्याकाळी मी कष्टानेच खेळलो आणि दोन्ही संध्याकाळी लाइटने माझं सगळं धुऊन नेलं. तेव्हा शांतपणे बसून विचार केला. ज्याच्या मेहनतीचं फळ रोज लाइट घेऊन जाते, तो मागच्या दाराने आत शिरला तर त्याला चोर म्हणता येत नाही. हा ठराव मी मनातल्या मनात मांडला, त्याला अनुमोदन दिलं आणि एकमताने मंजूर केला.

आता कोड विचारायचा कसा? सावल्यांमध्ये एक पंखवाली होती, तिच्यावर माझी नजर होती. मी बाबांकडे वळून मोठ्याने म्हणालो, ‘बाबा, त्या पंखवालीचं कुलूप कसं उघडते म्हणावं?’ बाबा हसले. बहूने आतून काहीतरी रांजणाला सांगितलं, पण टीव्हीच्या गोंगाटात रांजणालाही ऐकू गेलं नसेल. मग दाराआडून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत पदर. त्या हाताने बोट दाखवायला सुरुवात केली: वर, एका अंगाला, पुन्हा त्याच अंगाला, खाली, दुसऱ्या अंगाला. मी बोट जाईल तिकडचं बटण दाबत गेलो. तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात आलं असेल. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिचं डावं ते माझं उजवं. पण त्या घटकेला हे ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

पंखवाली आली नाही. खालच्या कोपऱ्यातली एक सावली, जिच्याकडे आम्ही कधी बघितलंही नव्हतं, तिचं कुलूप पडलं. बाहेर आली एक म्हातारी. कमरेत वाकलेली, डोक्यावरून शाल घेतलेली, हातात काठी. आम्ही खेळ सुरू केला. ती कोणाला मारत नाही, उडत नाही, काही नाही. ती कोणी बटण न दाबता, आपली आपण हळूहळू चालत येते आणि आपल्या दोन वीरांच्या मधोमध उभी राहते. ती उभी असेपर्यंत दोघांनाही काही लागत नाही. मी बटण दाबायचं विसरलो. दाराआडचा दगड्याही जागच्या जागी थांबला. आणि बाबा उठून उभे राहिले. पडद्याजवळ गेले, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला: ‘फुलवंता आली.’ लोकेंद्र, बाबांनी जन्मभर मायचं नाव घेतलं नाही. ‘अवं’ म्हणायचे, नाहीतर ‘हीरालालची माय’. तिला नेलं त्या दिवशीही नाव घेतलं नाही. मी खाली मान घातली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने लाइट गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरचा हा नेम झाला. दिवे लागले की बाबा रिमोट घेऊन जागेवर बसतात आणि आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघतात. दारातून हात बाहेर येतो, मी दाबतो, म्हातारी येते. बाबांची जेवणं सुधारली. (तू म्हणे फोनवर बहूला सांगितलंस की असं पात्र या गेममध्ये नाहीच. तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. आम्ही तिला रोज बघतो.) बहूने कार्डाबद्दलही विचारलं होतं. तू म्हणालास की कोडाने उघडलेलं कार्डातसुद्धा राहत नाही, ते रोज नव्यानेच उघडावं लागतं. हे मात्र मला बरोबर वाटलं.

आता बोलण्याचं कसं झालं ते सांगतो. समितीतला केवळराम त्याच्या धुऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, बस, हा राक्षस आटपला की तुझाच विषय. त्या राक्षसाने काय केलं, म्हातारीला चुकवून माझ्या विजवाल्याच्या पाठीमागून आला. मला तो दिसला नाही. बहूला दिसला. आणि टीव्हीच्या एवढ्या गोंगाटाच्या वरताण आवाजात ती दाराआडून ओरडली, ‘भाऊजी, मागं पाहा! मागं!’

मी मागे पाहिलं. म्हणजे खेळात नव्हे, खाटेवर बसल्या बसल्या मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर होतं. तेवढ्यात विजवाला मेला.

केवळरामने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘हीरालाल, बहू बोलली गा,’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘बोलली.’ ‘तुह्यासंगं बोलली.’ ‘हो, माझ्याचसंगं.’ आता गावभर होणार, असं माझ्या मनात आलं. अध्यक्षाच्या घरची रीत मोडली म्हणून उद्या ओट्यावर चर्चा होणार. केवळराम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘मंग तू तिकडं भिंतीले काऊन पाहून राहिला होता? मेला ना तू फुकटचा!’ आणि त्याने माझ्या हातातून जॉयस्टिक घेतली. त्याच्या धुऱ्याचा तंटा अजून मिटलेला नाही, कारण त्याने तो पुन्हा काढलेलाच नाही. तो आता रोज येतो.

एकदा बोलणं झाल्यावर न बोलता राहणं अवघड झालं. पहिल्या दिवशी बहू म्हणाली, ‘भाऊजी, चहा.’ मी म्हणालो, ‘हो.’ दुसऱ्या दिवशी थोडं जास्त झालं. बोलता बोलता कळलं की तिला भेंडी आवडत नाही. मी इतकी वर्षं दर बाजारातून पिशवी भरून भेंडी आणत आलो, कारण मायने सांगितलं होतं की बहूला भेंडी फार आवडते. भेंडी मायला आवडायची. उलट बहूला माय सांगायची की तुझ्या भासऱ्याला कढीत गूळ लागतो. मला कढीत गूळ सहन होत नाही, मी रीतीखातर गिळत होतो. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसलो, आणि मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मायने मधे बसून आपली चूल आपल्या मनासारखी चालवली होती.

पण पुढे ऐक. आता बोलतोच आहोत तर हातवारे कशाला, म्हणून त्या संध्याकाळी बहू बाहेर आली, डोक्यावर पदर घेऊन खाटेच्या बाजूला उभी राहिली आणि तोंडाने सांगू लागली, वर, डावं, डावं, खाली, उजवं. मी दाबलं. पंखवाली आली. फार सुंदर आहे, काही दोष नाही. म्हातारी मात्र आली नाही. पुन्हा केलं, पुन्हा पंखवाली. बाबा त्या खालच्या कोपऱ्यातल्या सावलीकडे बघत बसले. मी लगेच चौकशी बसवली, जशी गावात बसवतो तशी. कोण कुठे उभं होतं, कोणाचं तोंड कुठे होतं, हात कोणता होता. बहूच म्हणाली, ‘भाऊजी, मी त्या दिवशी दारात होती. उलटं झालं असंल.’ ती परत दाराआड गेली, पदर ओढला, हात बाहेर काढला. आली! म्हणजे गोष्ट अशी झाली की आम्ही सरळ बोललो की मायचं काम संपतं आणि ती येत नाही. म्हणून आम्ही दिवसभर सरळ बोलतो, आणि संध्याकाळी थोडा वेळ पुन्हा जुन्या रीतीने वागतो. बाबांसाठी. बाबांचं नाव पुढे करतो, एवढंच.

तर असं तुझ्या यंत्राने केलं आहे. रीत मोडली, समितीचं कामकाज बिघडलं, अध्यक्ष चीट कोड वापरतो हे केवळरामला माहीत झालं. म्हणून ते खुशाल ने. वायरी नीट गुंडाळून ठेवतो. बहूच्या बॅगेची चेन बिघडली आहे, ती गोंदियाला नेऊन बसवून आणतो. तिचा संसार तुझ्यासोबतच व्हायला हवा, यात दुमत नाही. माझी काही हरकत नाही, हे पुन्हा एकदा लिहितो.

तुझा मोठा भाऊ,
हीरालाल

ता. क. तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना उभा होऊन राहिला आहे. आपल्या शेजारचा मुन्नालाल तिथे गाडी चालवतो. वेल्डर कमी पडतात, असं तो सहज बोलता बोलता म्हणाला. मीही सहजच त्याच्या गाडीत बसून तिथे जाऊन आलो आणि सहजच एका साहेबाला भेटलो. तुझ्या सर्टिफिकेटाची नक्कल मागितली आहे. तिरोड्याहून कामठा रोज जाऊन येऊन करता येतं. हे आपलं माहितीसाठी.

आणखी ता. क. तू म्हणशील, उलटा कोड आता दादाला पाठ झाला आहे, बहू गेली तरी दादा एकटा दाबेल. माझ्याही मनात तेच आलं होतं. परवा बहू इथे जवळच गोरेगावला माहेरी गेली, तेव्हा करून पाहिलं. केवळरामही कुठे लग्नाला गेला होता. म्हातारी आली. पण दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. ती माझ्या विजवाल्यापर्यंत आली, थांबली, आणि मग दुसरं कोण आहे ते शोधत मैदानात एकटीच इकडून तिकडे फिरत राहिली. ती दोघांच्या मधेच उभी राहते, लोकेंद्र. दोघं नसली तर तिला उभं राहायला जागा नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं, आणि आपल्या हाताने टीव्हीचा आवाज बंद केला.

वर ‘हरकत नाही’ असं जिथे जिथे लिहिलं आहे, तिथे तिथे ते खोडलेलं समजावं. माझी हरकत आहे. तू घरी ये.